मॉनिटरची निवडणूक

आमच्या शाळेत मॉनिटर निवडण्याची पद्धत फार सोपी होती. वर्गात जो पोरगा आकाराने सगळ्यांत मोठा, तो मॉनिटर. सातवीत आमचा मॉनिटर दुसऱ्यांदा बसलेला होता. त्यामुळे इतरांपेक्षा त्याला सगळं जरा जास्त स्पष्ट दिसत असावं, असा गुरुजींचा समज होता. आकार आणि स्पष्टपणा या दोन्ही कसोट्यांचा निकाल असा एका मिनिटात लागायचा. पुढे आयुष्यात याच दोन कसोट्या लावून पुन्हा एकदा मॉनिटर निवडायची वेळ येईल, असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

पण ती आली. आमच्या बँकेच्या वरच्या ऑफिसातून पत्र आलं : शाखेतील जुने मॉनिटर बदलण्याचे योजिले असून, आवश्यक आकार व रिझोल्यूशन त्वरित कळवावे. मॅनेजरसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही कॉमर्सचे ना?"

हा प्रश्न मी गेली वीस-बावीस वर्षं ऐकतो आहे. शाखेत पंखा बंद पडला, कुलूप अडकलं, चहाचा हिशेब चुकला, की पहिली चौकशी होते ती कॉमर्सचा कोण आहे याची. आमच्याकडे युनियनमध्ये केस पांढरे केलेले एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांना पत्र दाखवलं तर ते गंभीर होऊन म्हणाले, "रिझोल्यूशन हे सभेत मांडायचं असतं. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे ठरल्याशिवाय कळवू नका. पुढे अडचण येते."

आता मी पडलो बी.कॉम. मागील बाकी पुढे ओढल्याशिवाय मला कुठलाही नवा हिशेब सुरू करता येत नाही. तेव्हा ठरवलं, की आधी या पडद्याचं खातं मुळापासून तपासायचं. रात्री जेवणं झाल्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो. सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, ऑडिट आलंय का?" म्हटलं, "आलंच म्हणायचं. १८९७ सालापासूनचं आहे."

कारण या खात्यातली पहिली नोंद त्या सालची आहे. कार्ल फर्डिनांड ब्राउन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली काचेची एक नळी बनवली. तिच्या एका टोकाकडून विजेच्या कणांचा झोत सोडायचा आणि दुसऱ्या टोकाच्या काचेवर तो आपटला, की तिथे उजेडाचा ठिपका उमटायचा. आपल्या घरोघरच्या जुन्या टीव्हीची आणि बँकेतल्या ढेरपोट्या मॉनिटरची ही पणजी. या नळीचं तोंड असायचं गोल. गोल वस्तूचं माप एकच, व्यास. पुढे टीव्ही आला आणि चित्र चौकोनी दाखवायचं ठरलं, तेव्हा त्या गोलात चौकोन बसवला. भूमितीच्या गुरुजींनी सांगितलेलं आठवत असेल, तर वर्तुळात काटकोनी चौकोन बसवला की त्याचा कर्ण म्हणजेच वर्तुळाचा व्यास. त्यामुळे नळीचं माप तेच पडद्याचं माप झालं. नळी पुढे चौकोनी झाली, नंतर तर नाहीशीच झाली, पण पडदा आजही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकाच मोजतात.

जगात दुसरी कुठलीही वस्तू अशी मोजत नाहीत. कापड असं मोजलं तर गिऱ्हाईक दुकानदाराचीच गज काढून त्याला मारील. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी शेत या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत तिरपं मोजून विकलं, तर प्रकरण तलाठ्यापाशी सुरू होऊन कुठे संपेल सांगता येत नाही. पडद्याचं मात्र सगळ्यांनी मुकाट मान्य केलं. त्यातही एक गंमत होती. नळीच्या काचेची कड खोक्यात झाकलेली असायची, म्हणून सतरा इंची म्हणून घेतलेल्या मॉनिटरचा दिसणारा पडदा सोळा इंचांच्या आसपास भरायचा. आपण ही तूट घटीत धरून गप्प बसलो. अमेरिकेतली गिऱ्हाइकं १९९० च्या दशकात त्यावरून कोर्टात गेली, तेव्हा कंपन्या 'दिसणारा भाग एवढा' असं वेगळं छापू लागल्या.

आकाराचं झालं. आता घडणीचं. पडदा चारास तीन या प्रमाणातच का? त्याचं मूळ सिनेमात आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या माणसाने ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट आखली, ती चारास तीन भरली. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा राजा हरिश्चंद्र त्याच घडणीच्या चौकटीत सत्यासाठी राज्य सोडून निघाला. सिनेमाची चौकट टीव्हीने घेतली, टीव्हीची कॉम्प्युटरने घेतली. पणज्याचा सदरा आजोबाला, आजोबाचा बापाला आणि बापाचा नातवाला, असा हा कारभार. कोणाच्याही अंगाला तो नीट बसला की नाही, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आपल्या महाराष्ट्रात कॉम्प्युटरच्या कामाला असा पडदा जोडला तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथल्या शास्त्रज्ञांनी स्वतः घडवलेला संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. त्याची आकडेमोड आणि आलेख दाखवायला ब्राउनच्याच जातीची नळी होती. अर्थात ती शास्त्रज्ञांनी पाहिली. आपण पहिला पडदा पाहिला तो टीव्हीचा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या गावापर्यंत ते पोचायला पुढची बरीच वर्षं गेली. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो आणि गल्लीतल्या एकमेव टीव्हीसमोर चाळीस माणसांत बसायचो. टीव्ही कृष्णधवल होता. पण घरमालक हौशी. त्यांनी पडद्यावर रंगीत प्लॅस्टिकची काच लावलेली होती, वर निळी, मध्ये नारिंगी, खाली हिरवी. त्यामुळे श्रीराम उभे राहिले की त्यांचा मुकुट निळा आणि पाय हिरवे दिसायचे. झोपले तर मात्र सर्वांगाने हिरवे व्हायचे.

त्या टीव्हीचं रिझोल्यूशन काय होतं, हे मला परवा कळलं. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या ओळींत विणलेलं असायचं. त्यातल्या ५७६ ओळींत चित्र, बाकीच्या व्यवस्थापनखर्चात जायच्या. बँकेत काम केल्यामुळे मला या प्रमाणाचं कौतुकच वाटलं.

आता बँकेचा इतिहास. बँकेत पडद्याआधी खतावणी होती, म्हणजे आमचं लेजर. उघडलं की टेबल भरायचं. कातडी पाठीचं, उचलायला दोन माणसं नाही, पण एक धडधाकट माणूस तरी लागणारं. त्यात एका खात्याचं एक पान आणि त्या पानावर त्या माणसाचं सगळं बरंवाईट एका नजरेत. आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे, की लेजर उघडल्यावर आकडे वाचायच्या आधी शाईवरूनच कळायचं, माणूस अडचणीत आहे की नाही. हे रिझोल्यूशन आजतागायत कुठल्याही कंपनीला जमलेलं नाही.

मग १९८३ साली बँका आणि युनियन यांच्यात यंत्रं आणण्याबद्दल करार झाला, आणि १९८४ साली रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला. यंत्रं येणार, नोकऱ्या जाणार, अशी मोठी धास्ती होती. म्हणून जे यंत्र आलं त्याला कॉम्प्युटर न म्हणता लेजर पोस्टिंग मशीन म्हणायचं, असं झालं. जावयाला जावई न म्हणता 'पाहुणे' म्हटलं, की घरात येऊन बसायला हरकत नसते, तसं. पुढे केंद्रीय दक्षता आयोगाने सरकारी बँकांना १ जानेवारी २००१ च्या आत सत्तर टक्के कारभार संगणकावर आणायला सांगितलं, तेव्हा पाहुण्यांनी पाय पसरले. मी २००३ साली नोकरीला लागलो तेव्हा लेजरं माळ्यावर गेली होती आणि माझ्या टेबलावर चौदा इंची मॉनिटर बसला होता.

त्याच्यावर काळ्या पाटीवर ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी दिसायच्या. म्हणजे एकूण दोन हजार अक्षरं. ऐंशीच का? कारण आयबीएम कंपनीने १९२८ साली छिद्रं पाडायचं एक कार्ड काढलं, त्यात ऐंशी रकाने होते. कार्डं गेली, रकाने राहिले. १९८१ साली त्याच कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर आला, त्यालाही ऐंशीच. पुन्हा पणज्याचा सदरा! १९८७ साली व्हीजीए नावाची पद्धत आली, ती ६४० बाय ४८० ठिपक्यांची. गुणाकार करून ठेवला आहे, ३,०७,२०० ठिपके. मग ८०० बाय ६००, मग १०२४ बाय ७६८. हे आकडे शाखेत कोणाला ठाऊक नव्हते. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की जिनिंगच्या हंगामात हवेतला कापसाचा तंतू थेट येऊन त्या काचेला चिकटतो. काचेवर विजेचा भार असायचा ना! अकराच्या सुमारास शिपाईभाऊ ओल्या फडक्याने पुसायचे, तोवर कोणत्या रकमेत दशांशचिन्ह आहे आणि कोणत्या रकमेत कापूस आहे, हे बोट लावून पाहावं लागायचं.

मग चपटे पडदे आले. सतरा इंची, जवळजवळ चौकोनी. ते गेले आणि रुंद साडेअठरा इंची आले. शाखेत पेढे वाटायचेच बाकी होते, दीड इंचाची बढती! मी कॉमर्सचा असल्यामुळे मोजपट्टी लावली. सतरा इंचीची उंची होती १०.६ इंच, आणि साडेअठरा इंचीची भरली ९.१ इंच. माप दीड इंचाने वाढलं आणि उंची दीड इंचाने घटली. पगारवाढ झाल्यावर हातात कमी पैसे येण्याचा अनुभव होता, म्हणून धक्का बसला नाही. कारण असं, की टीव्हीचा पडदा आता सोळास नऊ ठरला होता आणि कारखान्यांनाही त्याच मापात काच कापणं सोयीचं होतं. सिनेमा पाहायला ते उत्तम. पण खातेउतारा हा काही आडवा पळत नाही, तो खाली खाली जातो, खातेदारासारखाच. त्या पडद्याचे ठिपके होते १३६६ बाय ७६८. हा १३६६ आकडा मला छळायचा. ७६८ ला सोळाने गुणून नवाने भागलं तर १३६५.३३ येतात. म्हणजे पूर्णांकात घेताना ३३ पैशांचा सरळ एक रुपया केलेला! आमच्याकडे पन्नास पैशांच्या खालचे सोडून देतात.

इथपर्यंत सगळी गंमत. पण याच पडद्यावर माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

२०१८ सालचा जानेवारी. आदल्या खरिपात गुलाबी बोंडअळीने आमच्या जिल्ह्यातला कापूस खाल्ला होता. ज्याच्या हाती जे लागलं ते त्याने विकलं. एका म्हातारीने कापसाच्या पैशांचा चेक भरला, अठरा हजार तीनशे चाळीस रुपयांचा. चारेक दिवसांनी ती एस.टी.ने आली. "बाबू, माह्या कापसाचे पैशे आले काय जी?" मी पडद्यावर पाहिलं, "नाही आले माय अजून." आठवड्याने पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती काउंटरला हात टेकून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या त्या डब्ब्यात माहे पैशे दिसत नसन, त मोठा डब्बा काऊन नाई आणत तुमी?"

लोक हसले. मीही हसलो. मग रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवशी भरणा-चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून बसलो. तिचे पैसे त्याच दिवशी जमा झाले होते, दुसऱ्या गावच्या, त्याच नावाच्या बाईच्या खात्यात. दोघींच्या खातेक्रमांकात एका आकड्याचा फरक. एकीचा तीन, दुसरीचा आठ. आणि तीनचा आठ केला होता मी.

तो कसा केला? तर त्याच्या महिनाभर आधी मला अक्षरं बारीक दिसायला लागली होती. वय एकोणचाळीस. एका हुशार मुलाला सांगून मी पडद्याचं रिझोल्यूशन १३६६ वरून १०२४ करवून घेतलं. अक्षरं लठ्ठ झाली, मी खूश. पण चपट्या पडद्याचे ठिपके कारखान्यातच घट्ट बसवलेले असतात. जुन्या नळीसारखे ते कमीजास्त होत नाहीत.

हे मला पुढे आमच्या घरच्या अंगणात कळलं. सौ. ठिपक्यांची रांगोळी काढत होत्या. त्यांना म्हटलं, "पंधरा ठिपक्यांची नक्षी वीस ठिपक्यांवर ताणून काढता येईल का?" त्या म्हणाल्या, "काढा की. रेघ ठिपक्यावरून न जाता दोन ठिपक्यांच्या मधूनच जाईल, आणि सगळं फरकटेल." नेमकं तेच. १०२४ ठिपक्यांचं चित्र १३६६ वर ताणलं, म्हणजे एकेका ठिपक्याच्या वाट्याला एक आणि वर एक-तृतीयांश आला. तो तृतीयांश शेजाऱ्याच्या हद्दीत सांडतो. अक्षरं आडवी फुगली, आणि इंग्रजी तीनच्या डाव्या बाजूला जी उघडी फट असते ती मिटली. तीन मिटला की आठ होतो. पहिलीतल्या पोरालाही हे ठाऊक आहे.

त्या दुसऱ्या बाईने तोवर दोन हजार काढले होते. निरोप मिळताच ती उरलेल्याची सही करायला आली. म्हणाली, "मले वाटलं, कर्जमाफीचे आले." दोन हजार मी खिशातून भरले. तिने ते मला चार हप्त्यांत आणून दिले, न मागता. शेवटच्या हप्त्याबरोबर तुरीच्या शेंगाही होत्या. आणि आमच्या म्हातारीने तक्रार केली नाही, अर्ज केला नाही. पैसे मोजून कनवटीला लावले आणि जाताना एवढंच म्हणाली, "तुहे डोये तपासून घे, बाबू."

मी तपासले. चाळिशी लागली होती. आपल्या भाषेचा हा मोठेपणा आहे, की वय आणि चष्मा यांना तिने एकच शब्द ठेवला आहे. दोन्ही एकदमच कबूल करावे लागतात.

डॉक्टरांच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. स्नेलन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली ही पद्धत काढली. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं दिसतं, असा तिचा पाया आहे. मी लगेच हिशेब मांडला. हातभर अंतरावर, म्हणजे साठ सेंटिमीटरवर, हे अंतर येतं ०.१७ मिलिमीटर. याहून बारीक ठिपका डोळ्याला सुटा दिसत नाही. तेव्हा त्याहून दाट ठिपक्यांसाठी पैसे मोजणं म्हणजे न दिसणाऱ्या मालाचं बिल भरणं. आता आकडे लावा. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. ते साडेएकवीस इंचांत बसवले तर एकेक ठिपका ०.२५ मिलिमीटरचा, चोवीस इंचीत सुमारे ०.२८ चा, सत्तावीस इंचीत ०.३१ चा. पुन्हा रांगोळीच! ठिपके तेवढेच ठेवून अंगण मोठं केलं तर नक्षी मोठी होते, पण विरळ. अंगण तेवढंच ठेवून ठिपके वाढवले तर नक्षी रेखीव होते, पण मुंगीएवढी. म्हणून आकार वेगळा आणि रिझोल्यूशन वेगळं असं निवडताच येत नाही. दोघांचं लग्न लावूनच निवडायचं, आणि मध्ये अंतर किती ते पाहायचं. संसारातही बऱ्याच अंशी असंच असतं, पण तो विषय वेगळा.

तेव्हा माझं मत असं झालं : हातभर अंतरावर बसून दिवसभर आकडे वाचणाऱ्या चाळिशीच्या माणसाला चोवीस इंची, १९२० बाय १०८० चा पडदा पुरेसा आहे. सत्तावीस इंची घ्यायचा तर ठिपके २५६० बाय १४४० हवेत. पडद्याचं रिझोल्यूशन कारखान्याने ठरवलेलंच ठेवावं. अक्षर मोठं हवं असेल तर अक्षराचाच आकार शेकडा सव्वाशे, दीडशे असा वाढवावा, ती सोय आत दिलेली असते. आणि पडदा उभा-आडवा फिरवता आला तर खातेउताऱ्यासाठी फारच उत्तम.

हे सगळं मी १८९७ पासूनच्या टिपणासह पाच पानांत लिहून पाठवलं. मॅनेजरसाहेबांनी सही केली. ज्येष्ठ सहकारी अनुमोदक झाले. वरच्या ऑफिसातून दोन ओळींचं उत्तर आलं : उपलब्ध साठ्यानुसार साडेएकवीस इंची मॉनिटर पाठवीत आहोत. पोच द्यावी.

पोच दिली. माझ्या टेबलावरच्या मॉनिटरची अक्षरं मी शेकडा सव्वाशेवर लावली आणि रिझोल्यूशनला कोणी हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी खाली चिकटवली. परवा ती म्हातारी आली. पासबुक पुढे सरकवून नव्या पडद्याकडे बघत राहिली. "मोठा डब्बा आणला वाटते?"

"आणला, माय."

"हा त पातय हाय."

मी पडदा तिच्याकडे वळवला, तिच्या नावावर बोट ठेवलं आणि खात्यात किती आहेत ते वाचून दाखवलं. तीन, आठ, सगळे सुटे, लख्ख. तिने मान हलवली आणि हातातलं पासबुक वर केलं. "अन् हे?"

पासबुकावर काहीच दिसत नव्हतं. आमच्या प्रिंटरची रिबन दिवाळीपासून वाळली आहे. नोंद झाली होती, पण ती उन्हाकडे धरून पाहावी लागली असती. मी कंपासातलं पेन काढलं आणि शेवटच्या ओळीखाली तिची बाकी मराठी आकड्यांत, चांगली बोटभर उंच लिहिली. खाली सही केली.

तिने पासबुक हातभर लांब धरलं. मग हसली. "हाव. आता दिसते," म्हणाली.